डॉक्टरचा पगार कोण ठरवतं? खानापूरच्या एका गुरुजींना उत्तर

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा प्रश्न असा आहे: ‘माझी मुलगी एमडी मेडिसिन झाली. बेळगावातलं एक खासगी रुग्णालय महिन्याला दोन लाख देतो म्हणतंय. सरकारी नोकरीत हातात येईल ते त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिक्षण एकच, रोगीही तेच, मग हा फरक ठरवतं कोण? सरकार डॉक्टरला कमी लेखतं, की खासगीवाले जास्त देतात?’

गुरुजी, मी भूलतज्ज्ञ आहे. नऊ वर्षं सीमाभागातल्या एका तालुका रुग्णालयात सरकारी नोकरी केली. त्यानंतरची सोळा वर्षं बेळगाव, निपाणी, संकेश्वर, गोकाक इथल्या निरनिराळ्या दवाखान्यांत जाऊन भूल देते. पगाराचं पाकीटही घेतलंय आणि केसमागे मोबदलाही घेतलाय. तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली गेलीय: दोन्हीकडे कामाची किंमत होते, फक्त एक जण कमी करतो आणि दुसरा जास्त. तसं नाही. सरकार पैसे देतं ते पदाला. खासगी रुग्णालय देतं ते डॉक्टरच्या नावावर जमा होणाऱ्या बिलातून. तुमची लेक दिवसभर जे काम करणार आहे, त्याचं मोजमाप या दोन्हींत थेट कुठेच नाही.

आधी सरकारी बाजू बघू, कारण तिथे आकडे कागदावर असतात.

कर्नाटकात सातव्या राज्य वेतन आयोगाची वाढ 1 ऑगस्ट 2024 पासून प्रत्यक्ष हातात आली. सहाव्या आयोगात सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्याची श्रेणी 52,650 ते 97,100 होती, ती आता 83,700 ते 1,55,200 झाली. ही श्रेणी डॉक्टर किती रोगी तपासतो यावरून ठरलेली नाही. राज्यातल्या गट अ अधिकाऱ्यांची जी उतरंड आहे, तिच्यात डॉक्टरला एका पायरीवर बसवलंय, एवढाच तिचा आधार. म्हणून डॉक्टरची श्रेणी नुसती उचलून वर ठेवता येत नाही. तशी ठेवली की शेजारच्या पायरीवरचं प्रत्येक खातं अर्थ खात्याच्या दारात उभं राहतं. सरकारला डॉक्टर टिकवायचा असला की ते श्रेणीला हात न लावता भत्ता वाढवतं: पदव्युत्तर शिक्षणाचा भत्ता, ग्रामीण भागाचा भत्ता. भत्त्याचे पैसे हातात पडतात खरे, पण त्यावर सहसा महागाई भत्ता चढत नाही आणि निवृत्तीच्या हिशेबातही तो धरला जात नाही.

विशेषज्ञाच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसतं. सहाव्या आयोगात एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याची सुरुवात 52,650 ला होती आणि विशेषज्ञाची 56,800 ला. म्हणजे तीन वर्षांच्या एमडीची मूळ पगारातली किंमत 4,150 रुपये. बाकीचं सगळं भत्त्यांनी भरून काढायचं. तुमच्या लेकीने जागून काढलेल्या रात्री सरकारला दिसत नाहीत असं नव्हे. त्या बसवायला पगाराच्या तक्त्यात रकाना नाही.

इथेच सीमाभागातल्या घराघरांतून ऐकू येणारी एक तुलनाही तपासून घेऊ. ‘पलीकडे चंदगडला डॉक्टरचा बेसिक 56,100 आणि इकडे खानापूरला 83,700, म्हणजे कर्नाटक कितीतरी जास्त देतं,’ असं लोक बोलतात. दोन्ही आकडे खरे आहेत, तुलना मात्र चुकीची आहे. महाराष्ट्राची श्रेणी जानेवारी 2016 च्या पायावर उभी आहे. कर्नाटकाने जुलै 2022 पर्यंतचा महागाई भत्ता मूळ पगारात मिसळून टाकला आणि मग भत्ता नव्याने मोजायला घेतला. जानेवारी 2025 चा दर धरा. महाराष्ट्रात महागाई भत्ता 55 टक्के, म्हणजे 56,100 चे होतात 86,955. कर्नाटकात 12.25 टक्के, म्हणजे 83,700 चे होतात 93,953. सत्तावीस हजारांचा वाटणारा फरक सात हजारांवर येतो. शिवाय महाराष्ट्रात खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल व्यवसायरोध भत्ता निराळा मिळतो. केंद्र सरकारच्या डॉक्टरांना तो मूळ पगाराच्या 20 टक्के आहे. कर्नाटकात आरोग्य खात्याच्या डॉक्टरला ड्यूटीच्या वेळेबाहेर प्रॅक्टिस करायची मुभा राहत आलीय. एका राज्याने भत्ता दिला, दुसऱ्याने संध्याकाळ मोकळी ठेवली. ही मोकळी संध्याकाळ म्हणजे पगारपत्रकात न दिसणारी कमाई, आणि ती कुणाला किती साधेल हे पोस्टिंग कुठे मिळतं यावर ठरतं. निपाणीत किंवा गोकाकात संध्याकाळी खुर्ची टाकून बसलात तर रोगी येतील. कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात पाऊस लागला की संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसत नाही.

घरभाड्याच्या बाबतीतही असंच उलटं घडतं. सातव्या आयोगानंतर घरभाडं भत्ता गावाच्या वर्गाप्रमाणे मूळ पगाराच्या 20, 15 किंवा 7.5 टक्के आहे. मोठ्या शहराला सर्वांत जास्त, खेड्याला सर्वांत कमी. घराचं भाडं म्हणून बघाल तर ते बरोबरच आहे. पण जांबोटीच्या पुढे नोकरी करणाऱ्या डॉक्टरला खरा खर्च भाड्याचा नसतो. मुलांची शाळा बेळगावात, म्हणजे दोन घरं चालवायची आणि आठवड्याला दोन खेपा. तो खर्च कुठल्याच टक्केवारीत बसत नाही. दुर्गम जागा रिकाम्या का राहतात असं विचारलं की मी लोकांना आधी हा भत्त्याचा तक्ता बघायला सांगते.

आता सरकारी पगारात जे दिसत नाही, तरी मिळतं, ते. 1 एप्रिल 2006 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के आपले कापतात आणि 14 टक्के सरकार घालतं. वरच्याच 93,953 या आकड्यावर हिशेब केला तर सरकार दरमहा साधारण 13,150 रुपये तिच्या नावावर टाकणार. भरपगारी रजा, बाळंतपणाची रजा, दर वर्षीची पगारवाढ हेही आहेच. माझी दोन्ही बाळंतपणं सरकारी नोकरीत झाली, आणि त्या महिन्यांत माझा पगार थांबला नाही. पुढे माझ्याबरोबरच्या एका खासगीतल्या मैत्रिणीला सिझरनंतर चाळिसाव्या दिवशी थिएटरमध्ये उभं राहताना पाहिलं, तेव्हा त्या रजेची किंमत मला रुपयांत कळली.

कंत्राटी नोकरी सरकारी दिसते, पण सरकारी नसते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली जागा ठोक रकमेची असते. महागाई भत्ता नाही, एनपीएस नाही, करार वर्षा-वर्षाचा. विशेषज्ञ मिळतच नसेल तर ‘तुम्ही आकडा सांगा, आम्ही देतो’ अशा पद्धतीने बोली लावून डॉक्टर घेण्याची मोकळीकही या अभियानात आहे. म्हणजे सरकारसुद्धा कुठेतरी बाजारभाव मान्य करतं, फक्त कायमच्या नोकरीबाहेर. उलट कायम भरतीवर आणखी एक गोष्ट परिणाम करते. कर्नाटकात 2012 चा सक्तीच्या वैद्यकीय सेवेचा कायदा आहे. शिक्षण संपलेल्या डॉक्टरांकडून एक वर्षाची सेवा घेता येते. दर वर्षी नवी तुकडी हाताशी असली की रिकाम्या जागा काही काळ भरलेल्या दिसतात, आणि कायम जागेचा पगार वाढवायची निकड कमी होते.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मूळ मुद्दा राहतोच. मी तालुक्याला असताना एका रात्री तीन सिझर झाली. तिसरी बाई घाटाखालच्या गावातून जीपने आणलेली, रक्तस्राव होत असलेली. पहाटे तिला आणि बाळाला वाचवून बाहेर आलो तेव्हा आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ सरांचे हात थरथरत होते. त्या महिन्याचा माझा पगार आणि एकही रात्रीची केस नसलेल्या आदल्या महिन्याचा पगार, दोन्ही पैशापैशाने सारखे होते. मला त्याचं दुःख नव्हतं, अजूनही नाही. पण त्याच काळात भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी बाहेरून डॉक्टर बोलवायची सोय होती. 2005 साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेच्या नियमांत सिझरसाठी खासगी तज्ज्ञ आणायला 1,500 रुपयांपर्यंतची तरतूद होती. रात्री दोन वाजता बेळगावहून गाडी काढून येणाऱ्या माणसाला दीड हजार. किती जण आले असतील याचा अंदाज तुम्हीच करा. आईचा जीव ज्या कामावर अवलंबून आहे, त्याची किंमत पदाप्रमाणे शून्य आणि योजनेप्रमाणे दीड हजार. हे मला तेव्हाही पटलं नाही.

आता ते दोन लाख. मुलीला हा आकडा सांगताना त्यांनी बहुतेक ‘मिनिमम गॅरंटी’ हा शब्द वापरला असेल. नीट विचारून घ्या. पगार आणि मिनिमम गॅरंटी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पगारावर पीएफ कापतात, रजा मिळते. मिनिमम गॅरंटीत डॉक्टर नोकर नसतो, सेवा देणारा व्यावसायिक असतो. दोन लाखांतून 10 टक्के टीडीएस कापून 1,80,000 खात्यात येतात. तो टीडीएस पुढे विवरणपत्रात वळता होतो, तो प्रश्न नाही. पण रजा, ग्रॅच्युइटी, पीएफ यांपैकी काही नाही. विम्याचा हप्ताही बहुधा स्वतःच भरायचा. सर्वांना मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाप्रमाणे ग्राहक कायद्याबाहेर राहतं. खासगीत पैसे घेऊन केलेल्या प्रत्येक कामाबद्दल ग्राहक आयोगापुढे उभं राहावं लागू शकतं.

आणि ही गॅरंटी कायमची नसते. साधारणपणे सहा महिने, फार तर वर्ष. तोवर रुग्णालय तिच्या नावावर किती बिल होतं ते बघत असतं. मुदत संपली की हिशेब हिश्श्यावर येतो. समजा ओपीडीची फी 400 आहे आणि त्यातला तिचा वाटा 300. दाखल रोग्याच्या एका भेटीचे तिला 500 मिळतात. महिन्याचे 25 दिवस धरू. दोन लाख मिळवायला रोज आठ हजार हवेत. ओपीडीत बारा रोगी आणि वॉर्डात नऊ भेटी झाल्या तर 3,600 अधिक 4,500, म्हणजे 8,100. कागदावर सोपं दिसतं. पण कॉलेजच्या बाहेर नुकतंच पाऊल ठेवलेल्या फिजिशियनच्या नावावर रोज बारा नवे-जुने रोगी आणि नऊ दाखल रोगी उभे राहायला किती वेळ लागतो? बेळगावात ज्यांची ओपीडी आज भरभरून वाहते, त्यांतल्या बऱ्याच जणांनी पहिली दोन-तीन वर्षं रिकाम्या खुर्च्यांकडे बघत काढलीत. तालुका रुग्णालयात मात्र तिला पहिल्याच सोमवारी शंभराच्या घरात रोगी तपासावे लागतील, आणि तिथे या कोष्टकाचा काहीही उपयोग नसेल.

तिच्या हिश्श्यात काय येत नाही हेही बघा. खोलीचं भाडं, औषधं, लॅब, स्कॅन हे सगळं रुग्णालयाचं. बिल एक लाखाचं झालं म्हणून डॉक्टरला लाखातला मोठा वाटा मिळतो असं लोकांना वाटतं. फिजिशियनच्या बाबतीत तर ते अजिबात खरं नाही. तिचं काम विचार करण्याचं आहे, आणि बिलात विचाराला ‘भेट’ एवढाच शब्द आहे. शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी, एंडोस्कोपी करणाऱ्यांचा मोबदला म्हणूनच मोठा. आमची भूलेची फी सर्जनच्या फीवरून ठरते. रोगी किती गुंतागुंतीचा आहे, हृदय कसं आहे, याचा त्यात विचार नाही.

योजनेच्या रोग्यांचं गणित आणखी वेगळं. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक 2018 पासून आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण, इतरांना पॅकेजच्या, म्हणजे त्या उपचाराला योजनेने ठरवलेल्या रकमेच्या, 30 टक्के, दीड लाखांच्या मर्यादेत. पॅकेजचे पैसे रुग्णालयाला एकरकमी मिळतात. औषध, खोली, नर्स, भूल, सर्जन सगळं त्यातच. खर्च वजा जाता उरेल त्यातून डॉक्टर. योजनेने किंवा विमा कंपनीने बिल कापलं किंवा सहा महिने लटकवलं, तर करारात काय लिहिलंय त्यावर ते नुकसान कुणाचं हे ठरतं. मी एका रुग्णालयात दीड वर्ष भूल दिली. तिथे ‘पैसे आले की देऊ’ या चार शब्दांवर माझे आठ महिन्यांचे पैसे थांबले होते. त्यांचा बेत फसवायचा नव्हता, त्यांच्याकडेच पैसे आले नव्हते. पण करारात ‘बिल झाल्यावर’ न लिहिता ‘वसुली झाल्यावर’ लिहिलं होतं, आणि सही माझी होती.

खासगी दर सरकारने बांधून द्यावेत, हा वाद तुमच्या-आमच्या दारातच झालाय. नोव्हेंबर 2017 मध्ये सुवर्ण विधानसौधात अधिवेशन चालू असताना राज्यभरातले डॉक्टर बेळगावात आले होते, दवाखाने बंद होते. खासगी वैद्यकीय संस्थांच्या 2007 च्या कायद्यातली दुरुस्ती हे कारण. शेवटी जी दुरुस्ती झाली तिच्यात सर्वांसाठी दर बांधण्याचा भाग राहिला नाही. सरकारी योजनांचे दर सरकार ठरवतं, बाकी दर रुग्णालयाने ठरवून लावून ठेवायचे. म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे देणारा रोगी किती, यावरच खासगी डॉक्टरचा मोबदला आजही उभा आहे. त्या दिवसांत मीही संपात होते. दुरुस्तीच्या मसुद्यात डॉक्टरला तुरुंगाची तरतूद होती, तिला माझा विरोध होता आणि अजून आहे. दर उघड लावण्याला मात्र नव्हता, आणि त्या वेळी हे आम्ही मोठ्याने सांगायला हवं होतं.

आणि आपल्याकडे खिशातून पैसे देणारा रोगी शेतीच्या वेळापत्रकावर चालतो. जून-जुलैत रोपलावणी चालू असताना खानापूर भागातला माणूस हर्निया घेऊन शेतात उभा राहतो, ऑपरेशनला येत नाही. ‘सुगी झाली की येतो, बाई’ हे मी किती वेळा ऐकलंय. चिक्कोडी, अथणी, रायबाग पट्ट्यात उसाचं बिल कारखान्यातून आलं की थिएटरच्या याद्या भरतात, बिल लांबलं की सर्जनची कमाईही लांबते. सरकारी पगाराला पावसाळा नसतो. खासगीत येणाऱ्या डॉक्टरने कमाईचा आकडा वर्षाचा धरावा, महिन्याचा नव्हे.

सीमेचा म्हणून एक वेगळा परिणाम आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव सत्तरच्या पुढे. अथणी, कागवाडचा रोगी मिरजेला जातो, ही सवय फार जुनी आहे. खानापूरच्या पश्चिमेकडचा माणूस गोव्याला बांबोळीला जातो. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, त्यावर दोन्ही राज्यांत काय बोललं गेलं ते तुम्हाला आठवत असेल. राजकारण बाजूला ठेवून डॉक्टरच्या नजरेतून एवढंच: रोगी ज्या दिशेला जातो, तिकडच्या डॉक्टरची कमाई वाढते. म्हणून मोबदला ठरवताना रुग्णालय विचार करतं की हा डॉक्टर कुठल्या भागातला रोगी इथे थांबवून धरेल. इथे तुमच्या लेकीची मराठी कामाला येते. खानापूरच्या म्हातारीला ‘छातीत कळ येते की जड वाटतं’ हे तिच्या भाषेत विचारणारा फिजिशियन तिच्या घरातली आणखी चार माणसं बांधून ठेवतो. खासगी रुग्णालय हे ओळखतं आणि त्याचे पैसे मोजतं. सरकारी तक्त्यात त्याला किंमत नाही. उलट दहावीला कन्नड विषय नसेल तर तिला कन्नडची परीक्षा द्यावी लागेल. त्याचा राग मानू नका. पोलीस केस, खात्याच्या बैठका कन्नडमध्ये चालतात, आणि बैलहोंगलला बदली झाली तर रोगीही कन्नडच बोलेल. मी नोकरीत शिकले, आज दोन्ही भाषांत रोग्याला धीर देते.

बेळगावात डॉक्टरांची संख्याही मोबदला ठरवते. 1963 पासून जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, 2005 मध्ये बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजची स्थापना झाली. नुसत्या एमबीबीएसला खासगीत रात्रीच्या ड्यूटीचे पैसे कमी मिळतात, कारण त्याच कामाला बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी झालेली मुलंही तयार असतात. मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकाचा पगार तर रोग्यांवर ठरतच नाही. ठरावीक प्राध्यापक असल्याशिवाय कॉलेजच्या जागांना मान्यता मिळत नाही, म्हणून ज्या विषयात शिक्षक दुर्मीळ त्याला भाव. तुमच्या लेकीला शिकवायची आवड असेल तर हा तिसरा रस्ता विसरू नका. त्यात पगार ठरलेला असतो आणि हाताखालून रोगीही जातात.

मला विचाराल तर तिने आधी सरकारीत अर्ज करावा. पैशासाठी नाही. दोन-तीन वर्षांत तालुका रुग्णालयात जेवढं मेडिसिन हाताखालून जाईल, तेवढं रिकाम्या खासगी ओपीडीत दहा वर्षांत जाणार नाही. साप चावलेला, कीटकनाशक प्यायलेला, साखर पाचशेच्या वर गेलेला रोगी आधी तिथेच येतो. घरावर कर्ज असेल आणि दोन लाखांवाचून भागत नसेल, तर खासगीत जाण्यात काही कमीपणा नाही. फक्त एक ओळ मी सहीआधी खोडून घेईन: रोगी पाठवणाऱ्याला टक्का देण्याची, तिला कितीही सभ्य नाव दिलेलं असो. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत ते निषिद्ध आहे, आणि तो टक्का शेवटी रोग्याच्याच बिलात चढतो.

करार हातात आला की तिला या गोष्टी तोंडी न विचारता लेखी मागायला सांगा. गॅरंटी किती महिने? ती संपल्यावर ओपीडी, भेट आणि प्रोसिजरचा तिचा हिस्सा किती टक्के? पैसे बिल झाल्यावर की वसुली झाल्यावर? योजनेच्या रोग्यामागे तिला किती? रात्रीच्या कॉलचे वेगळे की त्यातच? आणि नोटीस किती महिन्यांची? हे शेवटचं नीट बघा. काही करारांत डॉक्टरने सोडायचं तर तीन महिने आधी सांगायचं आणि रुग्णालयाने काढायचं तर एक महिना, असं लिहिलेलं असतं. शिवाय सोडल्यावर अमुक किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही अशी अटही कधीकधी घुसडलेली असते. कागद मिळाला की सही करण्याआधी तिला घेऊन या. रविवारी दुपारनंतर मी घरी असते, शेजारी बसून एकेक कलम वाचू.